नुसतं ‘आय५’ छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आधी आपल्या पुरवणीत नवा लॅपटॉप कसा निवडावा, यावर पानभर मजकूर आला होता. ‘चांगला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि गरजेनुसार ग्राफिक्स बघून घ्यावा’ असा त्यातला सल्ला. डॉक्टरांनी ‘तब्येतीला जपा’ म्हणून पाठवून द्यावं, तसा. त्याच पानाच्या तळाला एका दुकानाची जाहिरात होती : ‘आय५, १६ जीबी, ५१२, ग्राफिक्ससह’, आणि पुढं ठळक टाइपात भाव. (आय५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव, १६ जीबी ही रॅम, ५१२ जीबी ही साठवणीची जागा.) ते कात्रण खिशात घालूनच मी लॅपटॉप घ्यायला बाहेर पडलो होतो. पुढं काय काय झालं ते आता, ऑडिटचा हंगाम संपून जरा उसंत मिळाल्यावर लिहितोय. पत्र लांबणार आहे. कापायचं असेल तर पुराचा भाग कापा, नंबरांचा कापू नका.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. अशील म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी आणि चार-दोन हार्डवेअरवाले. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, आमच्या घरात एकादशीसारखी पाळतात; त्या दिवशी मला कुणी काही विचारत नाही. दिवसभर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. रात्री दहानंतर मात्र मी ट्रक चालवतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ नावाचा खेळ आहे, प्राग शहरातल्या एका कंपनीनं २०१२ साली काढलेला. त्यात माल भरायचा, शेकडो किलोमीटर न्यायचा आणि कुठंही न घासता उतरवायचा. बस. गोळीबार नाही, आरडाओरडा नाही. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, मुंबईची रातराणी न्यायचे. त्यांनी मला स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही, ‘तू शिक’ म्हणाले. मी शिकलो, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर इंग्लंडातल्या रस्त्यांवर ट्रक हाकतोय. इंग्लंडच का, तर तिथं आपल्यासारखंच डावीकडून जायचं असतं. बाकी युरोपात गेलो की पहिल्याच चौकात समोरच्याच्या अंगावर जातो.

तर काम हे असं आणि खेळ हा असा. यासाठी लॅपटॉप घ्यायला एवढं काय लागतं, असं मलाही वाटायचं.

जुना लॅपटॉप २०१७ च्या दिवाळीतला. दुकानात पाटी होती ‘आय५’, मी विचारलं ‘आय५ आहे ना?’, तो म्हणाला ‘आहे’, आणि आमचा व्यवहार पूर्ण झाला. पुढच्या संक्रांतीला कऱ्हाडच्या साडूंनी घेतला, तोही ‘आय५’. दोघांच्या किमतीत हजार-दीड हजाराचा फरक. मी तीनएक महिने आधी स्वस्तात घेतला म्हणून मिशीला पीळ देत होतो. माझ्यात होता आय५-७२००यू. त्यांच्यात आय५-८२५०यू. माझा सातव्या पिढीतला, आत दोन कोर (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आत राबणारा गडी). त्यांचा आठव्या पिढीतला, आत चार. नाव दोन्हींचं आय५.

तरी माझा लॅपटॉप चालला, आणि बरा चालला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कार्यालयातल्या फायली भिजल्या, प्रिंटर गेला. पण लॅपटॉप मी खताच्या प्लॅस्टिक पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन बाहेर पडलो होतो. पुढच्या वर्षी त्यात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवली, तर बैलाला खुराक मिळाल्यासारखा उधळला. पाच मिनिटं घेऊन सुरू होणारं यंत्र चहा गाळून होईपर्यंत तयार असायचं. खरं तर तो मी आणखी दोन वर्षं ओढला असता.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपणार होता. विंडोज ११ टाकायला गेलो, तर पडद्यावर आलं की तुमचा प्रोसेसर यादीत बसत नाही. थोडके अपवाद सोडले तर इंटेलची ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. साडूंच्या यंत्रावर विंडोज ११ दोन वर्षांपूर्वीच आलं होतं. एका आकड्यानं मी बाहेर. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय होती, मीही घेतली. पण माझ्याकडं लोकांचे पॅन, बँक खाती, पोर्टलचे पासवर्ड. उसन्या कवचावर फार दिवस राहता येत नाही.

मेव्हणीची मुलगी इथंच वालचंदला इंजिनीअरिंग शिकते. तिला कात्रण दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, “काका, आय५ म्हणजे पाटील. सांगलीत येऊन ‘पाटील कुठं राहतात?’ विचारल्यासारखं आहे हे. कुठले पाटील ते सांगा.” त्या दिवसापासून मी नंबर वाचायला शिकलो. आयुष्यभर बिलांवरचे एचएसएन कोड (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारे आकडे) तपासण्यात गेल्यामुळं नंबरांची मला भीती नाही, उलट जरा माया आहे.

आता मी जे शिकलो ते तुमच्या वाचकांसाठी मांडतो. आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच हे दोन्ही बाराव्या पिढीतले आय५. पहिल्यात दहा कोर आहेत, दुसऱ्यात आठ. दुकानातला पोरगा साहजिकच दहावाला पुढं सरकवतो. पण त्या दहापैकी दोनच तगडे आहेत, बाकीचे आठ वीज वाचवणारे, हलक्या कामाचे. आठवाल्यात चार तगडे आणि चार हलके. म्हणजे टॅलीत मोठा डाटा फिरवायचा, सोबत एक्सेलच्या पाच फायली उघड्या ठेवायच्या, तर एचवाला सरस. पण खेळायचं म्हटलं, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं, तर पारडं फिरतं : यूवाल्याच्या पोटात ग्राफिक्सचे ८० घटक आहेत, एचवाल्यात ४८ च. ‘एच म्हणजे हेवी, एच घ्या’ हा सल्ला मला तीन दुकानांत मिळाला. तिन्ही ठिकाणी अर्धाच खरा होता.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचंही तेच. पाटीवर लिहितात ‘रायझन ५, ७००० सिरीज’. त्यात ७५२०यू येतो, ७५३०यू येतो आणि ७५३५एचएसही येतो. पहिला ७ हा वर्षाचा आकडा, २०२३ चं मॉडेल एवढंच तो सांगतो. आतली रचना कुठल्या पिढीची ते तिसऱ्या अंकावरून कळतं. ७५२०यू मध्ये तिसरा अंक २, म्हणजे जुनी, दुसऱ्या पिढीची रचना, कोर चार, ग्राफिक्स नावापुरतं. ७५३०यू मध्ये ३, कोर सहा. ७५३५एचएस मध्येही ३, पण शेवटचा ५ सांगतो की त्याच रचनेची सुधारलेली आवृत्ती, कोर सहा आणि ग्राफिक्स ७५२०यू च्या कितीतरी पुढचं. कंपनीनं ही आकड्यांची किल्ली उघडपणे सांगितलेली आहे, लपवाछपवी काही नाही. ती पाटीवर उतरत नाही, एवढंच दुखणं.

माझा एक अडत्या अशील आहे, त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पावतीवर नुसतं ‘हळद’ लिहिल्यासारखंच की. राजापुरी का सेलम, कांडी का गड्डा, काहीच न्हाई. असल्या पावतीवर मी एक पोतं उचलणार न्हाई.” याच माणसानं गेल्या वर्षी मुलाला लॅपटॉप घेतला, त्याच्या बिलावर ‘लॅपटॉप १ नग’ एवढंच होतं. बिल माझ्याकडं आहे, म्हणून मला माहीत.

आता दुकानातला प्रसंग. दुकान कुठलं ते लिहीत नाही, कोल्हापूरच्या बाजूचं समजा. पाटीवर ‘आय५, आयरिस एक्सई ग्राफिक्स, १६ जीबी’. पोरगा म्हणाला, “काका, डोळं झाकून घ्या. टॅलीला बी चालतंय, गेमिंगला बी चालतंय.” मी म्हटलं, डोळे उघडे ठेवून बघू. भाचीनं शिकवल्याप्रमाणं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीला टिचकी मारली की खाली बारीक अक्षरात येतं : स्लॉट वापरात, २ पैकी १. म्हणजे १६ जीबी आहे, पण रॅमच्या एकाच पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये. मग ग्राफिक्सवर टिचकी मारली, तर वर नाव आलं ‘यूएचडी’. आयरिसचा पत्ता नाही. पोरगा वाकून बघायला लागला. त्यानं पाटी बघितली, पडदा बघितला, परत पाटी बघितली.

कारण असं. हे पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच आपला चारा खातं, त्याची वेगळी मेमरी नसते. रॅमच्या दोन स्टिक असल्या की दोन रस्ते मिळतात, एक असली की एकच. इंटेलच्या या ग्राफिक्सला आयरिस हे नाव दोन रस्ते असले तरच लागतं. एका स्टिकवर तेच यंत्र स्वतःला यूएचडी म्हणवून घेतं आणि खेळात तसंच चालतं, अडखळत. सोळाची एक स्टिक आणि आठ-आठच्या दोन, बेरीज एकच. पण ट्रक घाटात चढवायला लागलं की फरक डोळ्याला दिसतो. पोरग्याचा यात दोष नाही. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, “काका, परत एकदा दाखवा की, कुठली तीन बटनं?” मी दाखवली. आता तो बहुधा माझ्यापेक्षा जास्त लॅपटॉप तपासत असेल.

मालक गल्ल्यावरून म्हणाले, “बिल पाहिजेच का? बिनबिलाचं कमी करून देतो.” कर सल्लागाराला! मी माझं व्हिजिटिंग कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं. पुढचा पाऊण तास त्यांनी मला चहा पाजून नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते विचारलं. लॅपटॉप तिथं घेतला नाही.

गेमिंग लॅपटॉप म्हणून जे विकतात तेही बघितले. आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले, ४ जीबीवाले आणि ६ जीबीवाले. यातही एक मेख आहे. तेच कार्ड लॅपटॉप बनवणारे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत हव्या त्या ताकदीवर बसवू शकतात. पाटीवर दोन्ही ‘३०५०’. एक निम्म्या ताकदीवर बांधलेला, दुसरा मोकळा. वॅट किती असं विचारलं, तर एका ठिकाणी मला चार्जरचे वॅट सांगितले. चार्जर मात्र खरंच बघण्यासारखा होता, विटेएवढा. ते यंत्र, ती वीट आणि माझ्या फायली घेऊन तासगावला मोटारसायकलवरून जायचं? शिवाय पंखा. अशील समोर बसून आपला तोटा सांगतोय आणि टेबलावर गिरण सुरू झालीय, हे बरं दिसत नाही. ज्यांना नवे, भारी खेळ खेळायचे आहेत त्यांनी ते जरूर घ्यावेत. ट्रक हाकायला ती चैन नको, असं माझं ठाम मत झालं.

उलट ज्या गोष्टी पाटीवर कधीच नसतात, त्यांनीच माझी निवड केली. पहिली, उजवीकडचे आकडे. हिशेबाच्या माणसाला नंबरपॅड नसलेला लॅपटॉप म्हणजे अंगठा नसलेला हात. १४ इंचीत ते सहसा मिळत नाहीत, म्हणून १५.६ इंची. त्यातही काहींत ती बटणं इतकी चिंचोळी की शून्य दाबावं आणि बाण लागावा. एका यंत्रात बंद करायचं बटण डिलीटला खेटून होतं. रिटर्न भरताना तिथं बोट गेलं म्हणजे? दुसरी, जुन्या चौकोनी यूएसबीच्या जागा. डिजिटल सहीचं टोकन, माउस आणि अशिलानं आणलेला पेनड्राइव्ह, तीन तरी हव्यात. पातळ, देखण्या लॅपटॉपना दोनच असतात. तिसरी, नेटवर्कच्या वायरीचं भोक. आमच्या कार्यालयात टॅली अजून वायरीवर चालते.

आणि चौथी गोष्ट पडदा. यासाठी मी एक काम केलं, ते इतरांनीही करावं. माझी रोजची एक्सेल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो (अशिलाची नव्हे, घरखर्चाची). तिच्यात न जुळलेली बिलं फिकट पिवळी, उशिरा आलेली फिकट केशरी, रद्द झालेली फिकट गुलाबी. ओळीनं पाच लॅपटॉपवर तीच फाइल उघडली. तिघांत केशरी आणि गुलाबी वेगळे ओळखूच येईनात; पिवळा तर पांढऱ्यात जमा. त्या पडद्यांच्या माहितीत ‘२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ असं असतं. निट्स म्हणजे उजेड, आणि ४५ टक्के म्हणजे रंग किती दाखवू शकतो ते. स्वस्तातले बहुतेक सगळे याच जातीचे. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली चालून जातं. माझ्या टेबलाशेजारी पश्चिमेची खिडकी आहे, दुपारी चारला त्या पडद्यावर माझंच तोंड दिसलं असतं. ३०० निट्स आणि पुरे रंग दाखवणारा मिळाला तेव्हा ते तिन्ही रंग एकमेकांपासून सुटून उभे राहिले. त्याच यंत्रावर मी थांबलो.

घेतला तो असा : रायझन ५-७५३५एचएस, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १५.६ इंच. ४४,००० अधिक १८ टक्के जीएसटी ७,९२०, एकूण ५१,९२०. जीएसटी क्रमांक घालून बिल घेतलं, त्यामुळं कराचं क्रेडिट मला मिळतं. (रात्री दहानंतरच्या ट्रकाच्या वाट्याचं सोडून, हे माझ्यातला सल्लागार म्हणतो. माझ्यातला ड्रायव्हर गप्प बसतो.)

आता मुहूर्ताबद्दल, कारण सणाच्या सवलतींवर आपल्याकडं पानंच्या पानं येतात आणि हे कुणी लिहीत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो. पण घेतलेल्या वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर निम्माच, २० टक्के. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत मोजा : १८१ दिवस भरतात. म्हणजे दसऱ्याला घेऊन त्याच दिवशी कामाला लावला तर ४४,००० वर १७,६०० घसारा. दिवाळीत घेतला तर ८,८००. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतोच, बुडत नाही, आणि अंदाजित उत्पन्नाची योजना घेतलेल्यांना हा हिशेबच लागू नाही. तरी, मी दसऱ्याच्या सकाळी यंत्राची पूजा केली आणि दुपारी त्यावर एका अडत्याचं रिटर्न भरलं. सोनं लुटायची ही आमची पद्धत.

एवढं सगळं केलं आणि जी चूक व्हायची ती झालीच. माझ्या यंत्रातही १६ ची एकच स्टिक होती, दुसरा स्लॉट रिकामा. मला माहीत होतं. दुसरी स्टिक तेव्हाच बसवून घ्यायला हवी होती. दुकानदार म्हणाले, “पाठचं झाकण उघडलं की वॉरंटी गेली.” घरी येऊन पुस्तिका वाचली. तिच्यात तसं नव्हतं. रॅम बदलताना काही मोडलं तर ते वॉरंटीत येत नाही, एवढंच होतं. पण तोवर ऑडिटचा हंगाम तोंडावर आलेला, ‘करू दिवाळीनंतर’ म्हणून राहिलं. दिवाळीनंतर विचारायला गेलो तर त्याच स्टिकचा भाव दुपटीहून वर. म्हणाले, सगळी मेमरी एआयच्या डाटा सेंटरवाल्यांकडं चाललीय, आपल्याला उरत नाही. हळदीचे भाव असे उसळले की माझे अडते पार्टी देतात. इथं मला कोण देणार? ट्रक चालतो, मध्यम चित्रावर छान चालतो. फक्त पावसात, गर्दीच्या शहरात शिरताना जरा दचकतो. दचकला की मला माझं ‘करू दिवाळीनंतर’ आठवतं.

जुना लॅपटॉप मोडीत दिला नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जोडून ठेवलाय, इंटरनेट काढून.

आता मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. तूरडाळीच्या पाकिटावर वजन, भाव, पॅकिंगचा महिना छापल्याशिवाय ते विकता येत नाही. फ्रिजवर किती तारे ते लांबून दिसतं. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी गुण गिऱ्हाइकाला दाखवावे लागतात; आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्ती निर्देशांकासाठी २०२४ मध्ये समिती नेमली. ते होईल तेव्हा होवो. पण तोवर, पन्नास हजारांची वस्तू ‘आय५, १६ जीबी, ग्राफिक्ससह’ एवढ्या तीन शब्दांवर का विकली जावी? ऑनलाइन घेणाऱ्याला निदान पूर्ण नंबर वाचायला मिळतो. सांगली-मिरजेच्या दुकानात जाणारा, मुलाच्या कॉलेजसाठी सोसायटीचं कर्ज काढून आलेला शेतकरी पाटी बघून घेतो.

दुकानदारांना माझं सांगणं आहे की पाटीवर चार गोष्टी जास्त लिहा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट. रॅमच्या स्टिक किती आणि स्लॉट रिकामा आहे का. पडद्याचे निट्स. वेगळं कार्ड असेल तर त्याचे वॅट. एका ओळीत मावतं. आणि गिऱ्हाइकांनी हेच बिलावर लिहून मागावं. नुसतं ‘लॅपटॉप, ८४७१’ (हा संगणकाचा एचएसएन कोड) असलेलं बिल हातात घेऊन ग्राहक आयोगात गेलात, तर तिथं काय दाखवणार? बिलावर ‘७५३५एचएस’ असेल आणि आत ७५२०यू निघाला, तर तेच बिल तुमचा साक्षीदार. माझ्या दुकानदारानं आधी कुरकुर केली, “सॉफ्टवेअरमध्ये तेवढी जागाच नाही” म्हणाले. बिलाचं सॉफ्टवेअर माझ्या ओळखीचं निघालं. वस्तूच्या नावाखाली तपशिलाची वेगळी ओळ कशी उघडायची ते मीच त्यांना दाखवलं. आता त्यांची सगळी बिलं तशी निघतात, असं त्यांच्याकडचा मुलगा सांगत होता.

आणि आपल्याकडं मागणं असं की पाडव्याला पुरवणी निघेल, पानाच्या तळाला जाहिराती येतील. जाहिरात घेताना पूर्ण नंबर मागून घ्या. नाही दिला तर निदान आपल्या लेखात तरी तो कसा वाचायचा ते छापा. मी लिहून देईन, मानधन नको. फक्त ११ आणि २० तारखेला फोन करू नका.

आपला,
एक कर सल्लागार, विश्रामबाग, सांगली

ता. क. – नाव छापू नये. रात्रीच्या ट्रकाबद्दल अशिलांना अजून माहीत नाही.